चार वाजताचा नको

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला काय काय करायचं नाही ते सविस्तर सांगितलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना चढायचा नाही आणि निदान काही आठवडे ओट्यापाशी उभं राहायचं नाही. हे शेवटचं ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. मी मात्र मनातून खूश झाले. जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून दिला, आता चार दिवस कुणीतरी मला आयता कप आणून देईल, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. त्यात एक मोठी अडचण होती, ती मला घरी आल्यावर कळली.

अडचण अशी, की आयता चहा घ्यायचा म्हणजे आधी नको म्हणावं लागतं. आमच्या पिढीत, निदान आम्हा बायकांत, कुणी चहा विचारला की लगेच 'हो' म्हणणारी मी पाहिलेली नाही. तसं म्हटलं तर समोरच्याला वाटायचं, ही घरून उपाशी निघालीय. पहिल्यांदा विचारलं की 'नको हो, कशाला' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'आत्ताच झाला' म्हणायचं, मग झालेला असो वा नसो. तिसऱ्यांदा विचारलं की मोठे उपकार केल्यासारखं 'बरं, अगदी अर्धा कप' म्हणायचं आणि काठोकाठ भरलेला कप हातात घ्यायचा. विचारणारीलाही हे ठाऊक असतं. ती आधण ठेवूनच विचारायला बाहेर आलेली असते. मी मूळची येवल्याची, लग्न होऊन नाशकात आले, आणि या दोन्ही गावांत माझा नको आजवर कुणी खरा मानला नव्हता.

घरी आले त्याच दिवशी चार वाजता सून माझ्या खोलीत आली. ती कॉम्प्युटरवर काम करते, घरूनच. शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर कुणाशी तरी इंग्रजीत वाद घालत असते. मुलगी गुणी आहे, माझ्या औषधांच्या वेळा तिच्या फोनमध्ये वाजतात, माझ्या नाही. दारातून तिनं विचारलं, "आई, चहा घेणार?"

"नको गं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि दार लावून गेली.

मी उशी नीट करून वाट पाहत राहिले. मला वाटलं, येईल परत. स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज येईल म्हणून कान लावला, तर शेजारच्या खोलीतून कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला. त्या दिवशी चार वाजताचा चहा झालाच नाही. सकाळचा चहा हे डेअरीतून दूध आणताना कोपऱ्यावरच्या टपरीवरून आणत, तो घोटभर मिळायचा. पण चारचा चहा हा माझा चहा. दुपारची झोप, मग डोळ्यांवर पाणी, मग गॅलरीत बसून तो एक कप, इतकीच माझी चैन. तो चुकला की माझं डोकं धरतं आणि मी कुणाशीही नीट बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझा नको जरा ढिला केला. "नको... उगाच तुला कामातून उठून त्रास," असं लांबवत म्हणाले.

"त्रास कसला, आई? पण नको असेल तर राहू दे," ती म्हणाली आणि गोड हसून गेली.

तिसऱ्या दिवशी मी "आता काय, राहू दे" असं म्हणून एक मोठा सुस्कारा सोडला. माझ्या माहेरी त्या सुस्काऱ्यावर चहाबरोबर चार बिस्किटंही आली असती. सुनेनं विचारलं, "दुखतंय का? गोळी देऊ?"

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मग सरळ हो म्हण की." पुरुषांना हे सोपं असतं. त्यांना हो म्हणायचीही गरज पडत नाही, कप आपोआप समोर येतो. हे स्वतः रोज साडेतीनला पायांत चपला सरकवून पंचवटीत भाजीबाजाराजवळच्या टपरीवर जातात. तिथं ह्यांच्यासारखेच पाच-सहा निवृत्त लोक देश चालवत असतात. तासाभरानं परत येतात तेव्हा अंगाला आल्याचा वास येत असतो, आणि वर मला सांगतात, "आज आलं काय झणझणीत होतं!" त्या दिवसांत मला ह्यांचा जितका राग आला तितका लग्नानंतर कधी आला नव्हता, आणि तशी संधी ह्यांनी बरेचदा दिली आहे.

माझी दया येऊन ह्यांनी एकदा स्वतः चहा केला. आमच्या स्वयंपाकघराबद्दल ह्यांची माहिती ऐकीव आहे. मी खोलीतून ओरडून सांगत होते, हे तिथून 'हो हो' म्हणत होते, आणि चहाच्या मसाल्याऐवजी ह्यांनी काळा मसाला टाकला. आमचा नाशिकचा काळा मसाला मिसळीच्या रश्शात घालावा, त्यानं माणूस ताजातवाना होतो. चहात घातला तर वर तर्री येते. मी एक घोट घेतला आणि ह्यांना म्हणाले, "पाव आणा." हे रुसले.

इथं मला माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. मागच्या वर्षी मुलगा आणि सून आम्हाला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत घेऊन गेले होते. हल्ली नाशिकला पाहुणे आले की आधी काळारामाला नेतात आणि मग तिकडं. तिथं एका मुलीनं आम्हाला ग्लास कसा धरायचा, कसा हलवायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात कसा घोळवायचा ते शिकवलं. मी पिणार नव्हते, पण वास घ्यायला कुणाची बंदी? मी म्हणाले, मला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. आमचे हे शरमेनं लाल झाले. ती मुलगी मात्र एकदम खूश झाली, म्हणाली, "काकू, तुमचं नाक फार चांगलं आहे." तेव्हापासून मला माझ्या नाकाचा थोडा अभिमान आहे. अंथरुणात पडल्या पडल्या त्या नाकाला काम मिळालं. घरचा चहा बंद झाल्यामुळे बाहेरून जो येईल तो मी चाखत गेले, आणि नाशिक शहरात चहा या नावाखाली काय काय चालतं ते मला कळलं.

हॉस्पिटलातल्या चहाची चव मला आधीच माहीत झाली होती. दोऱ्याला बांधलेली पिशवी कोमट पाण्यात सोडतात आणि तिला घाम फुटला की दूध दाखवतात. नाकाला आधी फिनाइल लागतं, मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी कागदी कप.

मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी थर्मास पाठवायला सुरुवात केली. या वहिनी मनानं फार चांगल्या, पण मोबाइलवर येणारं सगळं वाचतात. त्यांच्या चहात तुळस, गवती चहा, दालचिनी, मिरी, ओवा, ज्येष्ठमध आणि एक काहीतरी काळं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. चहा तेवढा नव्हता. शिवाय थर्मासला आदल्या दिवशीच्या टोमॅटो सूपची आठवण होती. वहिनी समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत आणि विचारत, "घसा मोकळा झाला ना?" गुडघ्याच्या ऑपरेशननं माझा घसा बंद झालाच नव्हता, पण मी हो म्हणत असे. दुसरा कप मी नको म्हणत असे, आणि वहिनी तो ओतत असत. रीत माहीत असलेली बाई!

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं ग्रीन टी आणला. तिचं म्हणणं असं, की त्यानं शरीरातलं वाईट ते निघून जातं. मेथी धुतलेल्या पाण्यासारखी चव होती. माझ्या शरीरातलं वाईट काही गेलं नाही, फक्त माझी त्या मुलीवरची माया थोडी गेली.

मुलगा सातपूरला कारखान्यात असतो, येताना त्याला उशीर होतो. आईला चहा मिळत नाही हे त्याच्या कानावर नव्हतं, पण आई चिडलेली आहे हे कळत होतं. म्हणून त्यानं एका नव्या दुकानातून माझ्यासाठी चहा बांधून आणला. हल्ली नाशकात दर दोन दुकानांमागे एक चहाचं दुकान आहे आणि प्रत्येकाच्या पाटीवर अमृत. आत गेलं की बासुंदी चहा, चॉकलेट चहा, तंदूर चहा. मला त्यातला तंदूर चहा मिळाला. त्यासाठी म्हणे मातीचं भांडं निखाऱ्यात तापवून त्यात चहा ओततात. प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येईपर्यंत तो पुरता निवला होता, मग मायक्रोवेव्हमध्ये फिरवला. त्यात धूर होता, रबरबँड होता, आणि गोड इतका की ओठ चिकटले. मुलानं मोठ्या आशेनं विचारलं, "कसा आहे?" मी म्हणाले, "छान." लेकराचं मन कोण मोडणार?

असा सगळा चहा पोटात जात होता, पण चार वाजले की तेच. दार उघडायचं, "आई, चहा?", "नको," "बरं." मला एव्हाना हट्ट चढला होता. तिनं एकदा, फक्त एकदा परत विचारावं, एवढंच माझं मागणं होतं. आणि हळूहळू माझ्या मनात एक वाईट विचार शिरला, की ही मुद्दाम करतेय.

कारण तिला रीत माहीत नाही असं म्हणायला जागाच नव्हती. तिचं माहेर देवळ्याचं, घरात कांद्याचा व्यापार, मोठं खटलं. साखरपुड्याआधी आम्ही तिथं गेलो होतो तेव्हाचा चहा मी विसरलेले नाही. घरच्या म्हशीचं दूध, वर बोटभर साय, आणि चमचा उभा राहील अशी साखर. मी नको म्हणाले की एक कप वाढायचा, ह्यांनी नको म्हटलं की दोन. त्या घरात नको हा शब्द ऐकायची कुणाला सवयच नव्हती. आमच्या विहीणबाई तेवढ्या ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांना आम्हीच म्हटलं, तुम्हीपण घ्या. त्या "मला नको, खरंच नको" म्हणत मागं सरकत होत्या. तेव्हा त्यांच्या मोठ्या जावेनं त्यांचा हात धरला आणि बशी थेट तोंडाला लावली. "पी गं मुकाट, चहानं काय मरत नाय कोनी!" सगळे हसले, आम्हीही हसलो. विहीणबाई बशी संपवून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, स्वयंपाकाचं पाहत असतील.

अशा घरातली मुलगी सासूला एकदाच चहा विचारते आणि 'बरं' म्हणते, याचा अर्थ मी काय घ्यायचा?

माझी धाकटी बहीण येवल्याहून एसटीनं मला बघायला आली तेव्हा या विचाराला पाय फुटले. तिनं येताना गुळाची ढेप आणली होती. सून मीटिंगमध्ये होती, म्हणून बहीण स्वतःच स्वयंपाकघरात शिरली आणि गुळाचा चहा करून घेऊन आली. गुळाचा चहा करणं नाजूक काम आहे, दूध कधी घालायचं ते कळावं लागतं. तिला ते येवल्यात कळतं, नाशकात आल्यावर कळत नाही असं तिचं म्हणणं. चहा फाटला होता, वर गठुळ्या तरंगत होत्या.

"पी आता ताई," ती म्हणाली. "फाटला तरी गुळाचा हाय. लय वाळली गं तू. सून चहापानी बघती ना?"

"विचारते," मी म्हणाले. पण ते मी ज्या आवाजात म्हणाले, त्यात बहिणीला पाहिजे ते सगळं मिळालं.

"विचारती? नुसती विचारती?" तिनं कप खाली ठेवला. मग मी दोन वाक्यांत सांगितलं. मी दोनच वाक्यं सांगितली, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती येवल्याला पोचेपर्यंत त्यांची किती झाली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आधीच माझ्या माहेरच्या मोठ्या वहिनीचा फोन आला, की सून तुला चहासुद्धा देत नाही हे खरं का. त्यानंतर मामेबहिणीचा आला, तिनं उपाशी ठेवते का असंच विचारलं. फोन स्पीकरवर होता, कारण मला उशीवरून हलता येत नव्हतं, आणि दार उघडं होतं. दारात सून उभी होती.

चहाची हौस बाजूला राहिली, आता हे घर बिघडतंय असं मला स्पष्ट दिसलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आमच्यात एक वाकडा शब्द झालेला नव्हता, आणि आता साऱ्या नातेवाइकांत ही सासूला चहा न देणारी सून म्हणून ओळखली जाणार होती. माझ्या एका कपासाठी.

ती आत आली, खुर्चीवर बसली. रागावली असेल असं वाटलं होतं, पण ती गोंधळलेली दिसत होती. "आई, मी रोज विचारते ना?"

"विचारतेस की."

"तुम्ही रोज नको म्हणता."

"अगं, नको म्हणायचंच असतं!" मी चिडून बोलले. "तुला काय हे माहीत नाही? देवळ्याला तुमच्याकडे ऐकतं का कुणी नको?"

"नाही ऐकत," ती म्हणाली. "म्हणूनच."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. तिच्या आईला चहा सोसत नाही. लहानपणापासून नाही. एक कप पोटात गेला की पित्त उसळतं, डोकं फुटायला येतं. हळदीकुंकू, बारसं, कुणाचं येणंजाणं, प्रत्येक ठिकाणी ती नको म्हणायची आणि प्रत्येक ठिकाणी तिला पाजला जायचा. घरी येऊन मोरीत ओकायची, आणि ही पाठीवर हात फिरवत उभी असायची. दुसऱ्या दिवशी त्याच बायका परत, घ्या हो, अर्धाच कप. "तुम्ही आलात त्या दिवशीही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे बाहेर बसला होतात, आई मागं मोरीत होती. आता ती कुणाकडे जातच नाही. हळदीकुंकवालाही नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात कुणी बाई नको म्हणाली, की नको. दुसऱ्यांदा विचारायचं नाही."

ती मला चहा नाकारत नव्हती, माझा मान ठेवत होती, आणि मी तिच्या नावानं येवल्यापर्यंत बोंब पोचवली होती. डोळे भरून आले, ते लपवायला मी गुडघ्यावरची शेकायची पिशवी उगाच हलवली.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला चहा हवा आहे का?"

सोपा प्रश्न होता. पण मी तोंड उघडलं आणि सवयीनं 'न' ओठावर आला. तो गिळला. मग 'तुला सवड असेल तर' आलं, तेही गिळलं. 'सगळ्यांसाठी करणार असशील तर' आलं. मी आठवून पाहिलं, मला हे हवं असं मी कधी कुणाला म्हटलं होतं का? साडी घेताना 'कशाला' म्हणाले, सिनेमाला जाताना 'तुम्ही जा' म्हणाले, आंब्याची शेवटची फोड 'मला नको, गोड फार आहे' म्हणून दुसऱ्याच्या ताटात टाकली. सून खुर्चीवरून हलेना. घाईही करेना, मदतही करेना. तिच्या खोलीतून मीटिंगवाले काहीतरी ओरडत होते, त्यांच्याकडेही तिनं लक्ष दिलं नाही.

"हवाय," मी शेवटी म्हणाले. इतकं लाजून तर मी लग्नात उखाणाही घेतला नव्हता.

"कसा?"

"आलं ठेचून. कडक. साखर दोन चमचे, डॉक्टर काही म्हणोत."

ती गेली. लायटरचा आवाज आला, पातेल्याचा आला, आलं ठेचण्याचा काही आला नाही. बऱ्याच वेळानं ती दोन्ही हातांनी कपबशी सांभाळत आली आणि मी उशीला टेकून सरळ बसले. कित्येक दिवसांनी चार वाजता माझ्या हातात माझा कप आला होता. मी आधी वास घेतला, माझं नाक चांगलं आहे. नुसतं दूध. मग घोट घेतला.

ही मुलगी कॉफीच पिते हे मला माहीत होतं, पण आईमुळे ती जन्मात चहा प्यायलेली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. चहा कसा लागतो हेच तिला माहीत नव्हतं. पानचट, पांढरट, आल्याची अख्खी चकती तळाशी बसलेली, आणि पावडर उकळायच्या आधीच गाळून टाकलेली. हॉस्पिटलचा चहा याच्यापुढे बरा होता. तरी मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, कारण तो मी मागून घेतला होता.

ती समोर उभी होती, हातात पातेलं. "अजून आहे थोडा. देऊ?"

"नको," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पातेलं घेऊन गेली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं, तर सवयीनं मी अर्धा कप घेतला असता.